परसबाग कुणाची?



गेल्या पावसाळ्यात तेरला एका बचतगटाच्या बैठकीला गेले होते. विषय ठरलेला होता, परसबाग. पिशवीत बियांची पाकिटं होती, वाफ्यांचं चित्र काढलेला तक्ता होता, कोणत्या भाजीत कोणतं जीवनसत्त्व याची यादी होती. ज्या मावशींच्या घरी बैठक होती त्यांच्या मागच्या दारी आम्ही गोणपाट टाकून बसलो. मी तक्ता उलगडता उलगडता सहज इकडेतिकडे पाहिलं आणि मोजू लागले. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि एक केळ. भिंतीला लागून शेवगा. पत्र्यावर चढलेला दोडका. फुटक्या घागरीत पुदिना. कढीपत्ता, लिंबू, पपई. कडेला आंबाडी. शिवाय कुणीही न लावता उगवलेली घोळ आणि तांदुळजा. अकरा जिन्नस झाले. मी तक्ता पुन्हा गुंडाळून ठेवला.

"मावशी, तुम्ही काय काम करता?" मी विचारलं.

"काय नाही, घरीच असते की," त्या म्हणाल्या.

हे उत्तर आपण सगळ्याजणींनी हजार वेळा ऐकलं आहे, शिबिरांत त्यावर बोललोही आहोत. पण त्या दिवशी अकरा झाडांच्या मध्ये बसून ते ऐकताना मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी त्यांना जे शिकवायला गेले होते ते त्या तीस वर्षं करत होत्या. माझ्याकडे फक्त त्याचं छापील नाव होतं.

पण खरा धडा पुढेच होता. मागे बसलेली एक बाई बराच वेळ गप्प होती. ती शेजारच्या गावाहून बहिणीकडे आलेली. ती एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही झाडं लावा म्हणायलाव. लावू की. पण परस कुणाच्या नावावर हाय, ते इचारलं का?"

तिची हकिगत थोडक्यात अशी. नवरा वारल्यावर दोन लेकरांना घेऊन ती सासरच्याच घरात राहिली. शेत दिराकडे. तिच्याकडे एक खोली आणि मागची मोकळी जागा. त्या जागेत तिनं शेवगा लावला, गवार, वांगी, भेंडी लावली. खाऊन उरेल ते बाजारच्या दिवशी टोपलीत घालून विकलं. शेवग्याच्या शेंगांवर तिनं लेकराची दहावीची फी भरली. नऊ वर्षांनी दिरानं मागची भिंत पुढे घ्यायची ठरवली. एक दिवस ती मजुरीला गेलेली असताना शेवगा तोडला गेला. ती कचेरीत गेली. तिथे तिला कागद दाखवण्यात आला. त्यावर सासऱ्याचं नाव होतं, नंतर दिराचं. तिचं नव्हतं, तिच्या नवऱ्याचंही नव्हतं. "तुझं काय गेलं? एक झाडच तर होतं," असं तिला सांगण्यात आलं.

या अंकाचं संपादकीय त्या एका झाडाविषयी आहे.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. तेर तर फार जुन्या पांढरीवर बसलेलं गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगर म्हणून ज्या बाजारपेठेचा उल्लेख आहे ती हीच. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात या पांढरीतून निघालेल्या वस्तू मांडलेल्या आहेत. त्यात मातीच्या मूर्ती आहेत, मणी आहेत. इथल्या हस्तिदंती बाहुलीचं नातं अभ्यासक थेट इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी जोडतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचे मणी आपण काचेच्या कपाटात जपतो, त्याचा अभिमान बाळगतो. आजच्या बाईचं त्याच पांढरीवरचं झाड मात्र "एक झाडच तर" ठरतं.

काळीची नोंद सातबारावर होते, तिथे पिकाचाही रकाना असतो. पांढरीची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये असते. तिथे घर किती फुटांचं, भिंत कशाची, कर किती, एवढं लिहिलेलं असतं. परसातल्या शेवग्याला ना सातबारात जागा, ना नमुना आठमध्ये. म्हणजे बाई जिथे स्वतःच्या अकलेनं, स्वतःच्या निर्णयानं काही पिकवते, नेमका तोच तुकडा कोणत्याच कागदावर पीक म्हणून दिसत नाही. गंमत अशी की राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत घरी खाण्यासाठी पिकवलेली भाजी ही 'उत्पादन' धरली जाते. तीच भाजी निवडणं, चिरणं, शिजवणं धरलं जात नाही. आणि जे धरायचं ठरलं आहे तेही प्रत्यक्षात कोण मोजतं? 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोलाचं घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात. असं काम करणारे पुरुष 88 मिनिटं देतात. परसबागेची मोहीम गावात येते तेव्हा ती या 289 मिनिटांच्या डोक्यावर आणखी एक टोपली ठेवते का, हे आपण आधी विचारायला हवं.

तेरला आलं की गोरोबाकाकांच्या देवळात गेल्याशिवाय कुणी परतत नाही. त्यांची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. काका चिखल तुडवताना विठ्ठलनामात इतके तल्लीन झाले की रांगत आलेलं लेकरू पायाखाली आलं तरी त्यांना कळलं नाही. कीर्तनात ही कथा भक्तीची म्हणून सांगतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पण कथेत एक ओळ असते जिच्यावर कुणी थांबत नाही. लेकराची आई तेव्हा कुठे होती? ती पाणी आणायला गेली होती. जाताना लेकराकडे लक्ष ठेवायला सांगून गेली होती. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या आईला घर, लेकरू आणि पाणी यांच्यात निवड करावी लागली. आज तेरच्या आसपास उन्हाळ्यात फिरलं तर तीच निवड करणाऱ्या आया दिसतात.

म्हणून परसबागेचा हिशेब पाण्यापासून सुरू करू या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे एक लिटर लागतं. आपल्या उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर धरलं, तरी वीस चौरस मीटरच्या लहानशा बागेला शंभर लिटर झाले. पंधरा लिटरच्या हंड्यानं सात खेपा. मोहिमेच्या पत्रकात वाफ्याची लांबी-रुंदी असते, या सात खेपा नसतात. उलट बाजूही पाहू. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं वचन माणशी रोज 55 लिटरचं आहे. पाच माणसांच्या घरात 275 लिटर आलं, तर आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणीच शंभर लिटरहून जास्त निघेल. मग बाग सांडपाण्यावर सहज जगते, एकही जादा खेप लागत नाही. मावशींचं अळू तसंच जगत होतं. म्हणजे परसबाग हा आधी बियांचा प्रश्न नाही, नळाचा आहे. ज्या गावात नळ आठवड्यातून एकदा येतो तिथे बाईला बियांचं पाकीट देणं म्हणजे तिच्या डोक्यावर हंडा देणं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे या भागातली कुणीही बाई विसरलेली नाही.

दुसरा हिशेब ताटाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेल्या आहारसूचनांप्रमाणे एका प्रौढ माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं हवीत. पाच जणांच्या घराला दिवसाला दोन किलो भाजी. आपल्यापैकी किती घरांत रोज दोन किलो भाजी येते? मजुरी करणाऱ्या घरात बाजारच्या दिवशी आणलेली भाजी दोन-तीन दिवस पुरते, मग डाळ, बेसन, ठेचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या रक्तक्षय असलेल्या स्त्रिया 2015-16 मध्ये 48 टक्के होत्या. 2019-21 मध्ये त्या 54.2 टक्के झाल्या. पोषणाच्या घोषणा वाढल्या आणि रक्त कमी झालं.

इथे आपण प्रामाणिक राहिलं पाहिजे. परसातल्या पालेभाजीनं एकटीनं रक्तक्षय जात नाही. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला सोबत लिंबू, आवळा, पेरू असं आंबट काही लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेही वाया जातं. ज्यांना गोळ्या लागतात त्यांना गोळ्याच लागतात. आणि सगळ्यात मोठा अडथळा शरीरात नाही, पंगतीत आहे. बाई शेवटी जेवते. परसातली भाजी ती लावते, तोडते, शिजवते, वाढते. आणि कढईच्या तळाशी राहील ते घेते. एका बैठकीत मी विचारलं, काल घरात केलेली भाजी तुमच्या ताटात किती आली? सतरा जणींपैकी सहा जणी म्हणाल्या, आलीच नाही, रस्सा आला. म्हणून परसबागेच्या बैठकीत बियांबरोबर ताटाविषयी बोलायलाच हवं, आणि त्या बैठकीला घरातले पुरुषही बसायला हवेत.

राज्याच्या 'उमेद' अभियानानं गेल्या काही वर्षांत 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम गावोगाव नेली आहे. त्यातून अनेक बायकांच्या मागच्या दारी हिरवं दिसू लागलं, ते चांगलंच आहे. पण सावध राहायला हवं. "तुमचं पोषण आता तुमच्या परसात" असं म्हणत अंगणवाडीचा आहार पातळ होणार असेल, रेशनवर डाळ-तेल मागणाऱ्या बाईला "परसबाग करा" असं उत्तर मिळणार असेल, तर ते आपण चालू देणार नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं जे हक्कानं मिळायचं आहे त्याची जागा शेवगा घेऊ शकत नाही. परसबाग हक्काच्या जोडीला असावी, हक्काच्या बदल्यात नाही.

याच जिल्ह्यातला एक अनुभव आपल्याला वाट दाखवतो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरं पुन्हा उभी करण्याचं काम सुरू झालं. तेव्हा प्रेमा गोपालन आणि 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावातल्या बायकांना त्या कामात पुढे आणलं. घरबांधणीची माहिती लोकांपर्यंत नेणाऱ्या 'संवाद सहाय्यक' म्हणून बायका गावासमोर उभ्या राहिल्या. पुढे दुष्काळाच्या वर्षांत याच बायकांच्या गटांतून एक एकर शेतीचा प्रयोग वाढला. बाईनं घरात बोलणी करायची आणि घरच्या जमिनीतला अर्धा किंवा एक एकर स्वतःच्या निर्णयासाठी मागून घ्यायचा. त्यात सोयाबीन किंवा ऊस नाही. भाज्या, डाळी, ज्वारी, बाजरी, म्हणजे घरात खाल्लं जाईल ते. खत-औषध शक्यतो घरचं. आधी घराला, मग बाजाराला. या कामाची दखल 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इक्वेटर पुरस्कारानं घेतली. धाराशिव तालुक्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार कोंबडीपालनातून उभ्या राहिल्या आणि त्यांनी इतर बायकांनाही उभं केलं. त्यांना 8 मार्च 2022 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

या प्रयोगात मला महत्त्वाची वाटते ती भाजी नाही. महत्त्वाचं वाटतं ते मागणं. "एक एकर माझ्या हातात द्या" हे वाक्य ज्या बाईनं नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर उच्चारलं, तिच्या घरात त्या दिवशी काहीतरी हललं. पण इथेही पुढचा प्रश्न उरतोच. तो एकर कसायला मिळाला, नावावर झाला का? 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहितीदारांत स्त्रिया सुमारे 14 टक्केच आहेत. 1986 च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा दिला, देशानं 2005 मध्ये. वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा वाद सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये मिटवला. कायदा पुढे गेला. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीतही तितकीच पुढे गेली.

आणि ज्यांना परसच नाही त्यांचं काय? बौद्धवस्तीत, पारधी वस्तीत घराला घर लागून असतं, मागचं दार उघडतं ते गटारावर. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं परस दिवाळीनंतर सहा महिने वाळून जातं, कारण ती स्वतः फडावर पालात असते. तिला सिमेंटच्या गोणीत मेथी लावायला सांगणं सोपं आहे, आणि ती लावेलही. पण भूमिहीनांच्या जमिनीच्या लढ्यात, दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964 च्या सत्याग्रहांत, बायका तुरुंगात गेल्या त्या गोणीसाठी नव्हे. मराठवाड्यात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानानं गायरानाचा प्रश्न लावून धरला, त्यातही बायका पुढे होत्या. गायरानाचा, पडीक सार्वजनिक जागेचा एक तुकडा भूमिहीन बायकांच्या गटाला सामुदायिक भाजीबागेसाठी द्या, ही मागणी ग्रामसभेत आपण करू शकतो. परसबागेचा कार्यक्रम फक्त परस असलेल्यांचा राहिला तर तो जातीच्या रेषेवरच थांबेल.

बियांविषयीही दोन शब्द. मोहिमेतली पाकिटं एका हंगामापुरती असतात. संकरित वाणाचं बी धरून पुढच्या वर्षी तेच पीक येईल याची खात्री नसते. आपल्या आज्या दोडक्याचं, भोपळ्याचं बी राखेत घोळून, लिंबाचा पाला घालून गाडग्यात ठेवत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच जुनं शहाणपण धरून देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. सरकारनं 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर केली तेव्हा बाईच्या गाडग्यातल्या ज्ञानाला राजमान्यता मिळाली. आपल्या प्रत्येक गटात अशी एक तरी आजी असते. तिचं गाडगं उघडायला सांगा.

आता त्या कागदाविषयी, ज्यावर त्या बाईचं नाव नव्हतं.

2020 साली सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होते आणि त्यावरून मिळकत पत्रिका तयार होतात. पांढरीची इतकी बारीक मोजणी पूर्वी झाली नव्हती. म्हणजे परस कुणाचं, हे आता नकाशावर आखलं जात आहे. नाव एकदा राहून गेलं की ते घालायला वर्षं जातात. म्हणून वाट पाहू नका. नमुना आठचा उतारा आजच काढा. राज्यात 2003 पासून 'घर दोघांचे' या उपक्रमाखाली त्यावर पती-पत्नी दोघांची नावं लावता येतात. पण नमुना आठ ही कराची नोंद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. त्यामुळे गावाची मोजणी झाली असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळकत पत्रिकेवर कुणाचं नाव आहे तेही पाहा. नवरा वारला असेल तर वारसनोंदीचा अर्ज करा. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं विधवा ही मुलांइतकीच पहिल्या वर्गाची वारस आहे. मुस्लिम विधवेला लेकरं असतील तर आठवा, नसतील तर चौथा हिस्सा आहे. उताऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क संपत नाही. "कागदावर नाव नाही" हे उत्तर ऐकून ती बाई परत आली, कारण हे तिला सांगणारं कुणी तिच्यासोबत नव्हतं. मीही नव्हते. समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी इतकी वर्षं गावोगाव पोषणावर बोलते आहे, पण परसाच्या उताऱ्याचा प्रश्न मला तिनं विचारेपर्यंत सुचला नव्हता.

म्हणून आपल्या गटांना एक विनंती. पुढच्या बैठकीत बियांचं वाटप करण्याआधी पाच प्रश्न विचारा. परस कुणाच्या नावावर आहे? पाणी कोण आणतं, किती खेपा? काय लावायचं हे कोण ठरवतं? विकलं तर पैसे कुणाच्या हातात येतात? आणि भाजी तुमच्या ताटात येते का? सोबत एक वही ठेवा. तीन महिने परसातून जे निघेल ते तोलून लिहा, त्या दिवसाचा बाजारभाव पुढे लिहा, आणि तुमचा किती वेळ गेला तेही लिहा. तीन महिन्यांनी बेरीज करा आणि ती घरात मोठ्यानं वाचून दाखवा. मावशींच्या गटानं अशी वही सुरू केली आहे. पहिल्या महिन्याची बेरीज ऐकून त्यांचा मुलगा म्हणाला, "एवढं निघतं व्हय आपल्या मागल्या दारी?" तो त्याच मागल्या दारी पंचवीस वर्षं आंघोळ करत आला आहे.

ती दुसरी बाई आता तालुक्याला खेपा घालते आहे. वारसनोंदीचा अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, आणि आमच्यातली एकजण दर वेळी तिच्यासोबत जाते. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. मागच्या महिन्यात भेटली तेव्हा ती म्हणाली, तोडलेल्या शेवग्याच्या बुंध्याला धुमारे फुटलेत. पण ते तिनं उपटलेही नाहीत आणि राखलेही नाहीत. नाव लागल्यावर बघू, म्हणाली.

तुमच्या गावातल्या परसांच्या हकिगती, वह्यांच्या बेरजा आणि उताऱ्यांसाठी घातलेल्या खेपा आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली आहे.